पुडिंगचा ट्रे आणि क्रमांक सत्तेचाळीस

कॉल्डक्लफच्या टेकडीवर गाड्या पळवणाऱ्यांपैकी निम्म्यांना ग्लेंडा ब्रॉकलहर्स्टचं आडनाव सांगता आलं नसतं. पण तिच्या बेकन-पावात कांदा किती, सॉस किती, आणि साडेदहानंतर गेलं तर काहीच कसं शिल्लक नसतं, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. बावीस वर्षं ती त्या तंबूत चहाच्या बंबामागे उभी होती. क्लबच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या पानावर, संडास कुठे आहेत त्याच्या खाली, ‘चहा : ग्लेंडा’ एवढं छापलेलं असायचं. आडनाव छापायची गरज कुणाला वाटली नाही आणि तिनंही कधी तोंड उघडलं नाही.

आमच्याकडची चढाची शर्यत म्हणजे फार सोपं प्रकरण. जहागिरीच्या खासगी रस्त्यावर खालून वर एका वेळी एक गाडी सोडायची. हजार यार्ड, पाच वळणं, आणि घड्याळाशी काय ती मारामारी. बक्षीस म्हणजे एक पेला, तोही पुढच्या वर्षी घासूनपुसून परत करायचा. तरी लोक पहाटे उठून शंभर मैलांवरून गाड्या ओढत आणतात. वेडच ते, दुसरं काय!

ग्लेंडाला हे वेड पाठीमागून लागलं. अगदी खरं सांगतो. तंबूचं तोंड गाड्या उभ्या करायच्या मैदानाकडे, आणि टेकडी तिच्या पाठीशी. बावीस वर्षांत तिनं एकही गाडी वर चढताना धड पाहिली नव्हती, फक्त ऐकली होती. ऐकून ऐकून कान इतका तयार झाला की पाव कापता कापता ती म्हणायची, “हा तिसऱ्या वळणाला गिअर उशिरा टाकतो.” गडी खाली आला की मान खाली घालून कबूल करायचा. माथ्यावर काय आहे, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. एकदा सहज तसं बोलून गेली तर रॉडनी विंटल खो खो हसला. रॉडनी म्हणजे क्लबातल्या सगळ्यात महागड्या गाडीचा आणि सगळ्यात स्वस्त विनोदांचा मालक.

“ग्लेंडा, माथ्यावर जायला गाडी लागते. किटलीवर बसून जाता येत नाही.”

“आणीन की गाडी,” ती म्हणाली. “कांदा हवा का नको ते सांग आधी. मागे रांग खोळंबलीय.”

तो विसरला, ती विसरली नाही. त्याच हिवाळ्यात तिनं गाडीचा सांगाडा आणला. नुसत्या चौकोनी नळ्या, बाकी सगळं आपण जुळवायचं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण. रोज दोनशे ऐंशी पोरांचं जेवण करून घरी यायची, आणि चहा पिऊन गराजात शिरायची. दर मंगळवारी वेल्डिंग शिकायला जायची. वर्गात सगळी विशीतली पोरं, आणि ही पंचावन्नची. तिसऱ्या आठवड्यात मास्तर तिचा जोड इतरांना दाखवायला लागला. नवरा डेझमंड. त्याचा जीव बागेतल्या लीकच्या गड्ड्यांवर, म्हणजे कांद्याच्या जातीच्या त्या लांब भाजीवर. गराजातल्या त्याच्या रोपांच्या ट्रेंची उचलबांगडी झाली तेव्हा तो एकदाच म्हणाला, “ग्लेन, हे किती दिवस चालायचं?”

“होईल तोवर.”

सहा हिवाळे चाललं. इंजिन भंगारातनं आणलेलं, ठोकर बसून चेपलेल्या एका मोटरसायकलचं. आकारानं केवढंसं, पण मिनिटाला अकरा हजार फेरे घेणारं. असल्या हलक्या, पाठ टेकून जमिनीलगत बसायच्या गाडीत ते घातलं की मोठमोठ्या गाड्यांच्या तोंडचं पाणी पळतं. यंदाच्या एप्रिलात, एकसष्टाव्या वर्षी, ती गाडी घेऊन टेकडीच्या पायथ्याशी आली आणि स्पर्धकांच्या यादीत आडनावासकट नाव छापून आलं. क्रमांक सत्तेचाळीस.

आणि आवाजाला अडली.

गावाला त्रास नको म्हणून क्लबानं आवाजाची मर्यादा घालून घेतली आहे, एकशे पाच डेसिबल. वर गेलात तर त्या दिवशी घरी. आणि एका हंगामात तीनदा वर गेलात, तर तुमची जागा पुढच्या माणसाला. पुढची दोन वर्षं यादीत नाव नाही. आवाज मोजायचं यंत्र पर्सी ओकडेनच्या हातात असतं. हा निवृत्त पोस्टमास्तर, ग्लेंडाच्या हातचा चहा बावीस वर्षं पीत आलेला. तंबूत तो तिला “अगं ग्लेंडा” म्हणायचा. यंत्र हातात आलं की त्याचा आवाजच बदलायचा.

“मिसेस ब्रॉकलहर्स्ट, एकशे आठ. माफ करा.”

“माफ कसलं करायचं पर्सी? आकडा आहे तो,” ती म्हणाली, आणि गाडी ट्रेलरवर चढवून तंबूत जाऊन पाव कापायला लागली.

तो आवाज इंजिनाच्या तोंडाचा होता. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरची चार तोंडं उघडी, त्यावर नुसती जाळी. मोटरसायकलवर त्यांच्यापुढे हवा गाळणारा मोठा डबा असतो, पण तो या गाडीच्या बॉनेटखाली मावत नाही. मग तिनं जूनच्या शर्यतीसाठी सगळे लावतात तसला स्पंजचा फिल्टर आणला, चांगला नव्वद पौंडांचा. तो जाड निघाला. बॉनेट बसेना म्हणून बॉनेटला भोक पाडलं, आणि त्याच भोकातून सगळी बोंब बाहेर. एकशे सहा. दुसरी खेप वाया. आता राहिली सप्टेंबरची शर्यत. तीत जमलं नाही तर दोन वर्षं बाहेर, म्हणजे चौसष्टावं वर्ष. शिवाय डॉक्टरांनी उजवा खुबा बदलायचं म्हणून ठेवलेलं. असल्या गाडीत उतरायचं म्हणजे आधी पाय दुमडून गुडघा कानाला लावावा लागतो. नव्या खुब्यानं ते कुठलं जमायला! तिला माथा बघायचा होता. स्वतः जुळवलेल्या गाडीत बसून, घड्याळ लावून, एकदा. बास, बाकी काही नको होतं.

“तो तयार डबा घे ना माझ्यासारखा,” रॉडनी म्हणाला. “इटलीहून येतो.”

“इटलीहून कशाला? माझ्या फडताळात आहे,” ग्लेंडा म्हणाली.

ते खरंच होतं. शाळेनं आपलं स्वयंपाकघर बंद केलं आणि पोरांना बाहेरून डबे यायला लागले, तेव्हा निरोपाला हिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. वर विचारलं, आणखी काही हवं का? हिनं भाजायचे दोन मोठे ट्रे मागितले. ॲल्युमिनियमचे, जाड, कडेला शाळेचं नाव ठोकलेलं. दर गुरुवारी त्यांत पुडिंग फुगायचं, एकेका ट्रेत चाळीस. तीस वर्षं भाजून भाजून ते काळेभोर झाले होते. तिनं मोजून पाहिलं. बॉनेटखाली कार्ब्युरेटरच्या पुढे साडेपाच इंच जागा, आणि दोन ट्रे एकमेकांवर पालथे ठेवले की पाच इंच. ती स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसली.

खालच्या ट्रेला चार गोल भोकं, त्यांत कार्ब्युरेटरची चार तोंडं. मध्ये माल पोचवायच्या व्हॅनचा चपटा कागदी फिल्टर. वरचा ट्रे झाकण म्हणून, सहा चापांनी घट्ट. झाकणाला एक मोठं भोक, त्यातून कपडे वाळवायच्या यंत्राची जाड नळी थेट गाडीच्या नाकापर्यंत, म्हणजे इंजिनाला पुढची थंड हवा मिळेल. आतून तिनं जुन्या गालिच्याचा तुकडा चिकटवला, आवाज गिळायला. बॉनेटच्या भोकावर पत्रा मारला. इंजिन चालू केलं तेव्हा डेझमंड बागेतून म्हणाला, “सुरू झालं का?” या प्रश्नानं तिला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नाच्या मागणीनंही झाला नसेल.

मग तिनं गाडी रस्त्यावर पळवून पाहिली. गावात ताशी तीस मैलांच्या वेगानं, बाहेर पन्नासच्या. गाडी लोण्यासारखी चालली. पण आता ऐका. या बाईनं आयुष्यात एकदाही वेगाची पाटी मोडली नव्हती. आमची माणसंच तशी. मैलभर रस्ता रिकामा असला, कुत्रंही बघत नसलं, तरी पाटीवर पन्नास म्हणजे पन्नास. पन्नासच्या पुढे त्या ट्रेचं काय होतं, हे ग्लेंडाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

सप्टेंबरच्या त्या रविवारी ती सकाळी सातला मैदानात हजर. तंबू डेझमंडच्या हवाली केला होता. त्याला सगळं लिहून दिलं होतं, पण माणसाला चहातलं काही म्हणजे काही कळत नाही. आठ वाजता पहिल्या गिऱ्हाइकानं घोट घेतला आणि कपाकडे बघत राहिला.

“ग्लेंडा कुठाय?”

“ती आज गाडी चालवतेय,” डेझमंड छाती पुढे काढून म्हणाला.

“बोंबला!”

बॉनेट उघडलं तेव्हा बघ्यांची गर्दी जमली. रॉडनी सगळ्यात पुढे. “काय ग्लेंडा, आज काय भाजणार? किती वेळ ठेवायचं? मधनंच उघडून बघायचं का?”

“मधनं उघडलं की फुगलेलं खाली बसतं, राजा. तुझं बसलंय तसं.”

लोक हसले. रॉडनीही हसला, तसा मनाचा वाईट नाही तो. पर्सी ओकडेन यंत्र घेऊन आला, चष्मा नाकावर ओढला, अंतर दोरीनं मोजलं. तिनं फेरे चढवले.

“मिसेस ब्रॉकलहर्स्ट, एकशे तीन. तुम्हाला परवानगी आहे.”

ग्लेंडानं नुसती मान हलवली.

नियम असा की सराव म्हणून दोनदा चढायचं, एकदा जेवणाआधी, एकदा नंतर. त्यातला एक तरी चढ आपल्या इंजिनावर पुरा झाला पाहिजे, नाहीतर दुपारच्या खऱ्या शर्यतीत सोडत नाहीत. बरोबरच आहे. ज्याला वर पोचता येत नाही त्याची वेळ काय मोजायची?

पहिल्या सरावाला ती सुटली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. ज्यांचे आवाज कानात मुरले होते ती वळणं आता हातात येत होती. तिसऱ्याला तिनं गिअर वेळेवर टाकला आणि हेल्मेटच्या आत स्वतःलाच शाबासकी दिली. मग लांब सरळ रस्ता लागला. साठ. सत्तर. सत्तरच्या पुढे इंजिनानं आचका दिला. एकदा, दोनदा, मग सलग. पाय दाबला तर जास्तच गुदमरलं. सगळी ताकद गेली, चौथ्या वळणाच्या तोंडाशी गाडी हळू झाली, आणि चढावरच बंद पडली. माथा तिथून दीडशे यार्ड होता. झाडांच्या वर नुसतं आभाळ दिसत होतं.

ट्रॅक्टर आला आणि दोर बांधून तिला खाली घेऊन गेला, तोही कुठून, तर चहाच्या तंबूसमोरून, अख्ख्या रांगेच्या पुढ्यातून. ग्लेंडा ताठ बसून होती, नजर समोर. पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे मी तुमच्यापासून कशाला लपवू?

मैदानात येताच सल्ल्यांची खैरात सुरू झाली. कुणी म्हणे पेट्रोलचा पंप कमी पडतोय. कुणी म्हणे ठिणगीचं काम. रॉडनी गंभीर झाला होता, विनोद नाही की काही नाही. त्यानं तिला बाजूला घेतलं.

“हे बघ, झाकण काढून टाक. फिल्टर राहू दे, वरचा ट्रे आणि नळी फेकून दे. श्वास मोकळा झाला की पळेल.”

“आणि आवाज?”

“तुझी मोजणी सकाळी झालीय. पर्सी आता जेवायला बसलाय. परत कोण बघतंय?”

मोह झाला का? झाला की! कुणाला नाही होणार? सहा हिवाळे एका पारड्यात आणि सहा चाप दुसऱ्यात. तिचा हात पहिल्या चापावर गेलासुद्धा. मग तिनं तो पुसला आणि खिशात घातला.

“चोरून वर जायचं असतं ना रॉडनी, तर चालत गेले असते. बावीस वर्षांत कधीही.”

ती आपल्या गाडीच्या चाकाला टेकून गवतात बसली. डेझमंडनं सँडविच आणून दिलं आणि सफरचंदाच्या रसाचा छोटा खोका, वर काडी असते तसला. “चहा आणला नाही,” तो म्हणाला. “माझाच आहे तो, तुला कशाला शिक्षा?”

ग्लेंडा डोळे मिटून आवाज आठवत बसली. तिची सगळी विद्या कानात होती. पंप? पंप कमी पडला असता तर सकाळी मोजणीत, जागेवर उभ्यानं फेरे चढवले तेव्हाच इंजिन खोकलं असतं. तेव्हा ठणठणीत होतं. ठिणगी गेली की इंजिन फाटफाट वाजतं, हे तसं वाजलं नव्हतं. हे उपाशी मरत होतं. पेट्रोल मिळत नव्हतं त्याला. आणि तेही वळणात नाही, फक्त सरळ रस्त्यावर. सरळ रस्त्यावर वेगळं काय होतं? वारा.

तिनं एक मोठा सुस्कारा सोडला. काडी तोंडातच होती. काडीत चढलेला रस फुंकरीनं मागे गेला आणि खोक्यात बुडबुडला. तिनं ओढलं, रस वर आला. फुंकलं, खाली गेला. परत फुंकलं. पुढच्या गाडीचा मालक बघायला लागला, एकसष्ट वर्षांची बाई रसात बुडबुडे काढत बसलीय.

“अगं बाई!” ग्लेंडा म्हणाली आणि उठली. खुब्यात कळ गेली तरी उठली.

गोष्ट साधी होती, पण दिसली पाहिजे. कार्ब्युरेटरखाली पेट्रोलची वाटी असते. इंजिन वरून हवा ओढतं, त्या ओढीनं वाटीतलं पेट्रोल वर चढतं. वाटीला हवा मिळावी म्हणून बारीक नळ्या असतात. तिनं पुस्तकात स्पंजच्या फिल्टरसाठी दाखवल्या होत्या तशाच त्या खाली लोंबत सोडल्या होत्या, इंजिनाच्या आडोशाला, जिथे वारा नाही. आणि इकडे नाकातून आलेली जाड नळी! सत्तरच्या वेगाला सगळा वारा तिच्यातून ट्रेत घुसत होता आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात फुंकर मारत होता. तोंडाशी दाब, वाटीवर काही नाही. पेट्रोल वर चढणार कसं? काडीतल्या रसासारखं मागे ढकललं जात होतं. पन्नासच्या वेगाला फुंकर हळू, म्हणून कळलं नव्हतं. फिल्टर चांगला होता, ट्रेही चांगले होते. चूक तिची होती, आणि ती निस्तरायला वीस मिनिटं होती.

“वाटीच्या नळ्यासुद्धा ट्रेतच आणायच्या,” ती रॉडनीला म्हणाली. “म्हणजे वारा दोन्हीकडे सारखाच दाबेल. तुझं ड्रिल दे.”

रॉडनीनं वाद घातला नाही. मग पळत जाऊन ड्रिल घेऊन आला.

नळ्या आखूड होत्या. लांब नळी कुठे मिळणार रविवारी, टेकडीच्या पायथ्याशी? ग्लेंडा तडक तंबूत शिरली आणि भांडी धुवायच्या टाकीची बारीक नळी उपसून काढली.

“अगं, मग मी कप कशानं विसळू?” डेझमंड ओरडला.

“विसळू नकोस. तुझा चहा पितंय कोण?”

झाकण काढलं, फिल्टर काढला, कार्ब्युरेटरच्या चारही तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली, म्हणजे पत्र्याचा कीस आत जायचा नाही. ट्रेच्या कडेला जागा एकच होती, शाळेचं नाव ठोकलेलं तिथे. ड्रिल टेकवताना ती क्षणभर थांबली. तीस वर्षांचे गुरुवार त्या पत्र्यात होते, आणि पोरांची ती रांग, ‘मिस, मला कडेचं द्या’ म्हणणारी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बाहीनं टिपलं आणि दाबून भोक पाडलं. एक, मग दुसरं. नळ्या घट्ट सरकवल्या, फडकी मोजून चार बाहेर काढली, फिल्टर, झाकण, सहा चाप.

मग ती चालत पर्सी ओकडेनकडे गेली. तो घडीच्या खुर्चीत बसून सँडविच खात होता.

“पर्सी, मी डब्याला दोन भोकं पाडलीत. परत मोज.”

“कुणी तक्रार केलीय का?”

“मीच करतेय.”

रॉडनीनं मागे कपाळावर हात मारून घेतला. पर्सीनं सँडविच कागदात गुंडाळलं, तोंड पुसलं, यंत्र उचललं आणि परत दोरीनं अंतर मोजलं. अर्धा इंचही इकडे तिकडे नाही. तिनं फेरे चढवले. तो आकड्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

“मिसेस ब्रॉकलहर्स्ट, एकशे चार.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचा नंबर आता लागेल. गाडी रांगेत घ्या.”

दुसऱ्या सरावाला चहाच्या रांगेतली सगळी माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. तंबू रिकामा पडला. तसाही तिथे थांबण्यासारखं काही नव्हतं. ती सुटली. आता आमच्यावर नुसतं ऐकायची पाळी होती, कारण तिसऱ्या वळणानंतर झाडांमुळे खालून काही दिसत नाही. पहिलं, दुसरं, तिसरं. सरळ रस्ता. इंजिनाचा सूर चढत गेला, चढत गेला, जिथे सकाळी तुटला होता तिथे आला आणि त्याच दमात पुढे गेला. डेझमंडनं डोळे घट्ट मिटले होते. चौथं वळण. पाचवं. मग वरून आवाज बंद झाला, नीट, बटण फिरवून बंद केल्यासारखा.

“पोचली!” रॉडनी ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

आणि माथ्यावर होतं तरी काय? एक सपाट माळ, एक जुना कॅरव्हॅन, वेळ टिपणारा म्हातारा, आणि पाच मेंढ्या. ग्लेंडानं हेल्मेट काढलं, मेंढ्यांकडे बघितलं आणि पोट धरून हसत सुटली. म्हाताऱ्यानं विचारलं, “काय झालं हो?” ती म्हणाली, “काही नाही. बावीस वर्षं मला वाटत होतं, काहीतरी जास्त असेल. पण झक्क आहे. अगदी झक्क आहे.” खाली सगळं मैदान दिसत होतं, आणि मध्ये तिचा पांढरा तंबू, पाठमोरा.

दुपारच्या खऱ्या शर्यतीत तिनं शेहेचाळीस सेकंद आणि वर एकतीस शतांश घेतले. तिच्या गटात सहा जण होते, त्यांत ती पाचवी. सहाव्याचा गिअरबॉक्स मोडला होता, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत होती. निकालाचा कागद फळ्यावर लागला तेव्हा तिनं चष्मा लावून तो वाचला. सत्तेचाळीस, ग्लेंडा ब्रॉकलहर्स्ट, आणि पुढे आकडा. संडास नाहीत, चहा नाही. तिनं तो दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा वाचला.

ती गाडीशी परत आली आणि चाकावर बसली. बॉनेट अजून गरम होतं आणि ट्रेला, तुम्हाला खोटं वाटेल, पुडिंगचा किंचित वास येत होता. तेवढ्यात समोर पर्सी ओकडेन आला. यंत्र खोक्यात गेलं होतं आणि हातात वाफाळता कप होता.

“घे ग्लेंडा. डेझला बाजूला करून मीच केला. दोन चमचे साखर, बरोबर ना?”

ग्लेंडानं कप घेतला. या टेकडीवर तिनं हजारो कप लोकांच्या हातात दिले होते. तिच्या हातात कुणी कप दिल्याचं तिला काही केल्या आठवेना.

“तुला कसं ठाऊक, दोन?” तिनं विचारलं.

“डेझला विचारलं. बावीस वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं,” पर्सी म्हणाला आणि उगाच यंत्राच्या खोक्याचा पट्टा ओढत राहिला.

मागून सवयीनं रॉडनीची हाक आली. निकालाच्या गर्दीतून तो हात वर करून येत होता, भुकेला, आपल्याच तंद्रीत. “ग्लेंडा, एक बेकन-पाव, कांदा जास्त...”

पर्सी ओकडेन वळला. चष्मा त्यानं नाकावर ओढला आणि यंत्र हातात असताना येतो तो आवाज काढला.

“मिस्टर विंटल, मिसेस ब्रॉकलहर्स्ट स्पर्धक आहेत. पाव तिकडे तंबूत मिळतो.”

रॉडनी जागच्या जागी थांबला. डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि तंबूकडे वळला. ग्लेंडा चहा प्यायली. पार कडू झाला होता, शिवाय थोडा धुरकट. चाकावर बसून, घाई न करता, तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.